शिमोनोसेकी ते पर्ल हार्बर

जपान दुसऱ्या महायुद्धात कसा उतरला, हे सांगताना बहुतेक जण पर्ल हार्बरपासून सुरुवात करतात. माझ्या मते ती हकीकत १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहापासून वाचायला हवी. चीनला हरवून जपानने त्या तहाने तैवान मिळवले, पण सोबत मिळालेला लियाओतुंग द्वीपकल्प रशिया, जर्मनी आणि फ्रान्स यांनी आठवड्याभरात दटावणी देऊन परत करायला लावला. पुढे १८९८ मध्ये तिथलेच पोर्ट आर्थर हे बंदर रशियाने पट्ट्याने घेतले. हा अपमान जपानी राज्यकर्ते विसरले नाहीत.

१९०४-०५ च्या युद्धात त्यांनी रशियाला नमवले, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेची रग जिरवली म्हणून हिंदुस्थानातल्या राष्ट्रवादी मंडळींनाही आनंद झाला. त्या विजयाची किंमत मात्र कोरियाने मोजली, ही बाजू आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १९१० मध्ये जपानने कोरिया सरळ आपल्या राज्याला जोडून टाकला.

यानंतर विस्ताराचा एक ठरावीक युक्तिवाद तयार झाला. कोरिया राखायचा तर शेजारचा मांचुरिया, म्हणजे चीनचा ईशान्य भाग, हाताशी हवा, आणि मांचुरिया राखायचा तर उत्तर चीनवर वचक हवा. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मुकदेनजवळ क्वांतुंग सेनेच्या, म्हणजे मांचुरियात तैनात असलेल्या जपानी सैन्याच्या, अधिकाऱ्यांनी जपानच्याच ताब्यातल्या लोहमार्गावर स्फोट घडवला आणि त्याचा आळ चिनी सैनिकांवर घातला. रुळांचे नुकसान इतके किरकोळ होते की थोड्याच वेळात त्यावरून एक गाडी सुखरूप निघून गेली, तरीही तेवढ्या निमित्तावर काही महिन्यांत सारा मांचुरिया व्यापला गेला. तोक्योतल्या मंत्रिमंडळाने ही कारवाई आवरण्याचा प्रयत्न केला, पण त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्या मे महिन्यात पंतप्रधान इनुकाई यांना नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या, आणि पक्षीय सरकारांचा काळ तिथेच संपला.

जुलै १९३७ मध्ये पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरील चकमकीतून चीनशी सर्वंकष युद्ध पेटले. चीनची तेव्हाची राजधानी नानकिंग इथे जपानी सैन्याकडून भीषण कत्तल होऊनही चीन शरण आला नाही. परावलंबन संपवण्यासाठी म्हणून जो विस्तार आरंभला होता, तो चालू ठेवण्यासाठी जपानला अमेरिकेचेच तेल आणि भंगार लोखंड अधिकाधिक लागू लागले, ही यातली सर्वांत विचित्र गोष्ट. जुलै १९४१ मध्ये जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरले, तेव्हा अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद केले. जपानचे जवळपास ८० टक्के तेल तिथूनच येत असे.

५ सप्टेंबर १९४१ रोजी सम्राटांनी लष्करप्रमुख सुगियामा यांना विचारले की अमेरिकेशी युद्ध झाले तर ते किती दिवस चालेल. दक्षिणेकडील मोहीम तीन महिन्यांत आटोपेल, असे उत्तर आले. चीनचे प्रकरणही महिन्याभरात मिटेल असे तुम्हीच म्हणाला होता, याची सम्राटांनी आठवण करून दिली. चीनचा अंतर्भाग फार विस्तीर्ण आहे, असे सुगियामा सांगू लागले, तेव्हा पॅसिफिक त्याहून विस्तीर्ण नाही का, असा प्रतिप्रश्न झाला.

तरीही पाऊल मागे आले नाही. चीनमधून सैन्य काढावे, अशी अमेरिकेची मागणी होती. १४ ऑक्टोबरच्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत युद्धमंत्री तोजो यांनी तिला ठाम विरोध केला: माघार घेतली तर चीनमध्ये मिळवलेले सारे वाया जाईल, मग मांचुरिया धोक्यात येईल आणि शेवटी कोरियावरची पकडही ढिली पडेल. विस्ताराचा जुना युक्तिवाद इथे उलट्या क्रमाने मांडला गेला. दोनच दिवसांत पंतप्रधान कोनोये यांचे सरकार पडले आणि तोजो पंतप्रधान झाले.

८ डिसेंबरला, जपानी वेळेनुसार, पर्ल हार्बरवर बॉम्ब पडण्याआधीच मलायातील कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैनिक उतरू लागले होते. खरे लक्ष्य दक्षिणेकडचे तेल होते, आणि अमेरिकी आरमाराने त्यात आडवे येऊ नये म्हणून हवाईवरचा हल्ला होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये सुमात्रातील पालेंबांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळ जपानी छत्रीधारी सैनिक उतरले. तेल हाती आले खरे, पण पुढे ते मायदेशी नेणारी तेलवाहू जहाजे अमेरिकी पाणबुड्या एकेक करून बुडवत राहिल्या.