उद्या वजनकाटा

उद्या ९ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस. म्हणजे वजनही होणार. माझ्या पोटात आत्तापासूनच गोळा आलाय.

नाचणीचं सत्त्व दिसलं की चिरंजीवांचे ओठ घट्ट मिटतात, चमचा शिरायला फट नाही. मऊ वरणभात फुर्र करून थेट माझ्या चष्म्यावर. आजीच्या ताटातली भाकरीची कड मात्र हिरड्यांनी चघळत बसतो!

सहा महिन्यांनंतर वजन वाढण्याचा वेग मंदावतोच, एका आकड्यापेक्षा तक्त्यावरची रेघ बघा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. पटतं. रात्री दोन वाजता पटत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझा नवराही असाच होता. आता बघ." बघितलं. ढेरी दिसली.

उद्या काट्यावर ठेवण्याआधी पोटभर दूध पाजणार आहे. सांगू नका कुणाला.