तुम्ही विचारलंत म्हणून: बेळगावात गुन्हे वाढलेत काय?

वर्षअखेरीला पोलिसांचे आकडे पेपरात आले की शहापुरातल्या आमच्या गल्लीत मला हटकून विचारतात, "काका, गुन्हे वाढायलेत काय वो?" मी मराठी माणसांच्या तक्रारी कन्नडमधून लिहून देतो, म्हणून उत्तर माझ्याकडे असेल असं वाटत असावं. माझं म्हणणं एवढंच, की पेपरात छापून येतात ते नोंदवलेले गुन्हे. घडलेले किती, ते त्यावरून कळत नाही.

मध्यंतरी येळ्ळूरच्या एक मावशी आल्या. बसमध्ये चढताना कुणीतरी पिशवीला ब्लेड मारून फोन काढला होता. कापलेली पिशवी माझ्यापुढं धरून त्या म्हणाल्या, "हरवला म्हणूनच लिवा. चोरी म्हटलं की हेलपाटे." हरवल्याची नोंद ऑनलाइन होते, तिच्यावर नवं सिमही मिळतं. पण चोरीच्या आकड्यात तो फोन कुठंच येत नाही. मी त्यांना ती पिशवी घेऊन ठाण्यात जायला लावलं. 11 जून 2023 ला कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाल्यापासून गाड्यांना गर्दी दाटते, आणि पाकीटमाराला गर्दीच हवी असते. त्यासाठी योजनेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बसच्या दाराशी साध्या वेशातला पोलीस उभा करावा. पण तो उभा करायचा कुठं, हे ठरवायला चोरी चोरी म्हणून कागदावर यायला हवी.

उलटंही होतं. 2020 साली देशभरातले नोंदवलेले गुन्हे आधीच्या वर्षापेक्षा तब्बल 28 टक्क्यांनी वाढून 66 लाखांवर गेले. त्या वर्षी आपण सगळे घरात बसून होतो! चोऱ्या, घरफोड्या, लूटमार उलट घटली होती. वाढ झाली ती मुख्यतः लॉकडाऊनचे आदेश मोडल्याबद्दल तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली नोंदवलेल्या गुन्ह्यांमुळं. शिवाय एकाच फिर्यादीत खून आणि दरोडा दोन्ही असले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात त्यातला मोठा गुन्हा, म्हणजे खून, तेवढाच मोजतात. गुन्हे वाढणं आणि पोलिसांकडची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत, असं हा विभाग स्वतःच सांगतो. पेपरातल्या मथळ्यात ते कधी दिसत नाही.

मला खरी काळजी ऑनलाइन फसवणुकीची वाटते. मार्च 2025 मध्ये खानापूर तालुक्यातल्या बिडी गावात एका वृद्ध दांपत्यानं जीवन संपवलं. पोलीस असल्याचं सांगून फोनवरून त्यांना धमकावलं होतं, लाखो रुपये उकळले होते. ती बातमी वाचून मी त्या दिवशी कामाला बसू शकलो नाही. अशी माणसं लाजेपोटी आणि भीतीपोटी मुलाबाळांनाही सांगत नाहीत, मग ठाण्यात कुठली जाणार? म्हणून सायबर तक्रारी वाढल्याचं वाचलं की मला जरा धीर येतो. निदान माणसं बोलायला लागली. पैसे गेले की पहिल्या तासाभरातच 1930 या सायबर मदत क्रमांकाला फोन करा, सकाळची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात.

सीमेवरच्या माणसाची आणखी एक अडचण. राहणार कर्नाटकातल्या निपाणीचा, चोरी महाराष्ट्रातल्या कागलला. किंवा चंदगडची माणसं बाजाराला बेळगावात आली आणि गळ्यातलं गेलं. "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकून माणसं परत फिरतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानं हद्द कुणाचीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) फिर्याद घेऊन ती पुढं पाठवायची आहे. तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायचं, ते फिर्याद देणाऱ्याला वाचून दाखवायचं, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, हेही त्यातच आहे.

तरी यंदाचे आकडे बघायचेच असतील, तर वाढ-घट सोडून मुद्देमालाची ओळ बघा. किती लाखांचा ऐवज गेला आणि त्यातला किती परत मिळाला? टेबलावर दागिने मांडलेला फोटो छान येतो, पण गेलेल्या मालाचा आकडा शेजारी नसेल तर त्यावरून काय समजायचं? किती प्रकरणांत दोषारोपपत्र कोर्टात गेलं, हेही विचारा. पोलिसांचं काम जोखायचं तर इथं.

आणि वाचून दाखवण्याबद्दल माझा आग्रह आहे. कन्नडमध्ये लिहिलेली फिर्याद येळ्ळूरच्या मावशींना कन्नडमध्येच वाचून दाखवली, तर त्या कशाखाली अंगठा उठवतात ते त्यांना कळत नाही. सोन्याचं वजन, वेळ, गाडीचा रंग, एवढ्यातच तपास अडतो. खानापूर, निपाणी आणि बेळगाव परिसरातल्या प्रत्येक ठाण्यात फिर्याद घेणाऱ्या टेबलाशी मराठी समजणारा एक तरी माणूस दिवसरात्र असलाच पाहिजे.