सॉल्ट स्प्रिंग बेटावर जेबर्ड्स ऐकले

व्हॅन्कुव्हरच्या आसपास कुठल्याही ब्लूग्रास जॅमला (अमेरिकन लोकसंगीताच्या या प्रकारातले लोक जमून वाजवतात ती बैठक) जाऊन बसा, तासाभरात कोणीतरी 'सॉल्ट स्प्रिंग' ही धून काढतंच. मी मँडोलिन शिकायला लागलो तेव्हा मला बरेच दिवस वाटायचं की ही केंटकीच्या डोंगरातली शंभर वर्षं जुनी धून असणार. मग कळलं की ती जॉन राइशमन यांनी बांधलीय, ते इथलेच, आणि नाव समोरच्या बेटाचं आहे. त्यामुळे त्यांचा बँड, जेबर्ड्स, त्याच बेटावर एका छोट्या हॉलमध्ये वाजवणार म्हटल्यावर मी लगेच तिकीट काढलं, सुट्टी टाकली.

व्हॅन्कुव्हरजवळच्या ट्सवासन धक्क्यावरून फेरीबोटीने स्वार्ट्झ बे दीड तास, मग दुसरी छोटी फेरीबोट पकडून बेटावरचं फुलफर्ड हार्बर पस्तीस मिनिटं. वाटेत आर्ब्युटसची झाडं दिसतात, लालसर साल सुटून आत हिरवट पिवळं गुळगुळीत खोड, पाणी लागून एकदम चकाकत होती. बेटावरच्या मुख्य गावाचं नाव गँजेस, म्हणजे आपली गंगाच! एचएमएस गँजेस नावाच्या 84 तोफांच्या जहाजावरून हे नाव पडलं, आणि ते जहाज बांधलं होतं मुंबईच्या गोदीत, सागवानी लाकडात, 1821 साली. 1850 च्या दशकाच्या शेवटी ते व्हिक्टोरियाजवळ एस्क्विमॉल्टला तळ ठोकून होतं. मी धक्क्यावर उभा राहून बराच वेळ त्या खाडीकडे बघत होतो, मुंबईचं लाकूड इथवर आलं होतं या विचारानेच भरून आलं.

शनिवारचा बाजार बघितला, चीज घेतलं, ब्रेड घेतला आणि संध्याकाळी हॉल उघडायच्या आधीच जाऊन पुढची खुर्ची धरली.

आता बँडबद्दल. जेबर्ड्सचा पहिला अल्बम 2001 चा, म्हणजे ही मंडळी किती वर्षं एकत्र गाड्या चालवत, विमानं बदलत, कॅनडा अमेरिकेत वाजवत फिरतायत बघा. राइशमन मूळचे कॅलिफोर्नियाचे, आधी गुड ओल' पर्सन्स आणि टोनी राइस युनिट या बँडमध्ये होते, मग व्हॅन्कुव्हरला आले. बासवर आणि गायला ट्रिशा गॅनन, त्या ब्रिटिश कोलंबियाच्याच. बँजोवर निक हॉर्नबकल. बँजो वाजवणारे बहुतेक लोक अर्ल स्क्रग्जच्या तीन बोटांच्या पद्धतीने वाजवतात (डिसेंबर 1945 मध्ये स्क्रग्ज ब्लूग्रासचे जनक मानले जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये आले आणि ब्लूग्रासचा आजचा आवाज तिथून सुरू झाला), पण निक फक्त अंगठा आणि तर्जनी वापरतात, त्यामुळे सूर जरा मोकळे पडतात, खडखडाट होत नाही. फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, ग्रेग स्पॅट्झ, ते कादंबरीकारही आहेत. गिटार बरीच वर्षं जिम नन्नली वाजवायचे, नंतर पॅट्रिक सॉबर आले.

राइशमन यांच्याकडचं मँडोलिन 1924 चं गिब्सन कंपनीचं एफ-5, तिथले वाद्यरचनाकार लॉइड लोर यांच्या सहीचं. आपल्याकडे मँडोलिन म्हटलं की यू. श्रीनिवास आठवतात, पण ते इलेक्ट्रिक होतं, हे नुसतं लाकूड आणि चार जोड्यांत लावलेल्या आठ तारा. मी पुढेच बसलो होतो त्यामुळे त्यांचा उजवा हात नीट दिसत होता. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो, मँडोलिनवाला मात्रेच्या मधल्या जागेवर 'चॉप' मारतो, म्हणजे तारा छेडल्या छेडल्या डाव्या हाताची बोटं सैल सोडायची की आवाज तिथेच मरतो, फक्त ठक्क राहतं. मी चॉप मारतो तेव्हा खांद्यापासून हात हलतो, त्यांचं फक्त मनगट हलत होतं, अगदी थोडंसं, आणि तरी पाचही जण त्या ठक्कवर बांधलेले! ट्रिशा गाताना तो चॉप इतका हळू व्हायचा की शब्द सगळे ऐकू यायचे, आणि फिडलचा ब्रेक, म्हणजे एकट्याने वाजवायचा भाग, सुरू झाला की परत थोडा वर. कोणी कोणाकडे बघतसुद्धा नव्हतं.

मला वाटतं अनुभवी वादक म्हणजे काय हे मला त्या हातात दिसलं. जोरात, भरभर वाजवणारे तरुण मी भरपूर ऐकलेत आणि मला ते आवडतातही, पण हे लोक जागा सोडतात, एक सूर लावला की तो पूर्ण संपू देतात आणि मगच पुढचा.

शेवटाकडे 'सॉल्ट स्प्रिंग' आली. पहिल्या दोन सुरांनाच हॉलमध्ये हुंकार उठला, इथल्या लोकांची ती स्वतःचीच धून झालीय ना. जॅममध्ये आम्ही ती जेवढ्या वेगात पळवतो त्यापेक्षा त्यांनी निवांत घेतली, आणि दुसऱ्या भागात जिथे मी नेहमी चार सूर कोंबतो तिथे त्यांनी दोनच लावले. एवढे दिवस मी ते चुकीचं वाजवत होतो.

रात्री बेटावरच राहिलो. सकाळी फुलफर्डला गाड्यांच्या रांगेत बोट यायला पाऊण तास होता, तेव्हा डिकीतून मँडोलिन काढलं आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत सगळा वेळ फक्त चॉप मारत बसलो, मनगटातून.