शिकारीचा हंगाम संपल्यावर

फेब्रुवारी हा गाल्गो कुत्र्यांच्या नशिबातला सगळ्यात वाईट महिना. स्पेनमध्ये मोकळ्या रानात गाल्गो सोडून सशाची शिकार करतात. तिचा हंगाम साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीअखेर संपतो. प्रांतागणिक तारखा थोड्या मागेपुढे होतात. हंगाम संपला की जो कुत्रा मंदावला, ज्याचा पाय मोडला, त्याला पुढचे आठ-नऊ महिने पोसायचं कशाला, असा सरळ हिशेब असतो. त्यातही विचित्र गोष्ट अशी की हुशार कुत्राही टाकला जातो. काही हंगाम पळालेला गाल्गो ससा कुठे वळणार हे ओळखायला लागतो आणि मागे धावायचं सोडून मधूनच आडवा जातो. शिकाऱ्यांच्या लेखी ही लबाडी. ससा मिळतो, पण पळण्यातली मजा जाते आणि चारचौघांत मालकाची मान खाली जाते.

हे मला कळलं ते जर्मनीत, खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. माझं आजोळ जत तालुक्यातलं. मामांच्या वस्तीवर कारवानी कुत्री असायची. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अंगकाठी. नोकरीसाठी स्टुटगार्टजवळ राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यात हुबेहूब कारवानी दिसला. मी मराठीतच त्याला हाक मारली. त्याने ढुंकूनही बघितलं नाही. काकू म्हणाल्या, हा दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाहून आलाय, रस्त्याकडेला सापडला होता. त्या एका छोट्या संस्थेचं काम करायच्या. हंगाम संपताना तिकडच्या शेल्टरमध्ये हात कमी पडतात, येतेस का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणून बसले.

हो म्हटलं की विमानात बसायचं, असं मला वाटलं होतं. आधी फॉर्म आला. त्यात कुत्री आवडतात का, असा प्रश्न कुठेच नव्हता. पंचवीस किलो वजन उचलता येतं का, गिअरची गाडी चालवता येते का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा आहे का, असले प्रश्न. मग व्हिडिओ कॉल. समोरच्या बाईंनी एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला: कुत्रा आठवडाभर तुझ्याकडे बघायलाही तयार नसेल तर काय करशील? मी म्हटलं, त्याच्याकडे पाठ करून बसेन. हे मामांकडे बघून आलेलं उत्तर होतं, पण चाललं.

जर्मनीचा राहण्याचा परवाना असल्यामुळे मला वेगळा व्हिसा लागला नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत इतर शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांत, राहता येतं. भारतातून थेट जायचं असेल तर मात्र शेंगेन व्हिसाच्या अर्जात खरं कारण लिहून शेल्टरचं पत्र जोडा. पर्यटन लिहून वेळ मारून नेऊ नका.

आई फोनवर म्हणाली, ‘‘अगं, एवढं शिकून परदेशात कुत्र्यांची घाण काढायला चाललीस? आपल्याकडे काय कमी कुत्री आहेत का?’’ प्रश्न रास्त होता. मी जिथे राहते तिथून हे काम होण्यासारखं होतं, एवढंच माझं उत्तर. पिसाळलेला कुत्रा चावला तर, ही तिची दुसरी काळजी. स्पेनच्या मुख्य भूमीवर कुत्र्यांमधला रेबीज केव्हाच आटोक्यात आलाय हे सांगितल्यावर ती जरा शांत झाली.

शेल्टर सेव्हिया प्रांतात, एसिखाच्या बाजूला. सपाट जमीन, गव्हाची हिरवी शेतं, मधे ऑलिव्हच्या रांगा. उन्हाळ्यात हा भाग भट्टीसारखा तापतो, पण फेब्रुवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात. गाल्गोच्या अंगावर चरबी नावालाच आणि कातडी इतकी पातळ की तारेला घासली तरी टाका घालावा लागतो. त्यामुळे रोज संध्याकाळी प्रत्येकाला कोट घालायचा, सकाळी काढायचा, फाटलेले शिवायला टाकायचे. दिवसाची सुरुवात खराट्याने आणि पाण्याच्या पाइपने. मग ओला पेंढा काढून कोरडा पसरायचा, भांडी, औषधं, परत खराटा. कुत्र्यांशी खेळतानाचे फोटो लोक टाकतात ते खरे असतात, पण ते दुपारच्या अर्ध्या तासाचे.

तिथली पहिली शिकवण पट्ट्याची. गाल्गोची मान डोक्यापेक्षा रुंद, त्यामुळे साधा पट्टा सरळ कानांवरून निसटतो. म्हणून ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा, शिवाय अंगाला हार्नेस, आणि दोन्हींना वेगवेगळ्या दोऱ्या. एक दोर हातात, एक कमरेला. सुटलेला गाल्गो क्षणात ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने दिसेनासा होतो. पोदेंको ही सशांच्या शिकारीची दुसरी जात, उभ्या कानांची. ते पळण्यापेक्षा उड्या मारण्यात आणि कड्या उघडण्यात पटाईत. एकाने कोठीची खिट्टी तोंडाने सरकवलेली मी स्वतः पाहिली. त्यांना घर मात्र लवकर मिळत नाही. गाल्गो फोटोत राजबिंडा दिसतो, पोदेंको रस्त्यावरच्या कुत्र्यासारखा.

माद्रिदकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत एक पट्टेरी मादी फिरतेय, असा निरोप एका पेट्रोल पंपावरून आला. मला वाटलं, दोरी घेऊन धावायचं. मॅनेजर बाईंनी हातातली दोरीच काढून घेतली. पाठलाग केला की असला कुत्रा हटकून रस्त्यावर जातो. मग रोज त्याच वेळी, त्याच झुडपापाशी खाणं ठेवायचं आणि मागे न बघता निघून यायचं. तिने खायला सुरुवात केल्यावर तिथे मोठा पिंजरा नेऊन ठेवला, पण दार बांधून उघडंच. खाणं रोज थोडं थोडं आत सरकवायचं. आत पेंढा, खालच्या पत्र्यावर माती. शेवटी एकदा दाराची दोरी सोडली आणि भाजलेली कोंबडी अगदी मागच्या कोपऱ्यात ठेवली. वासाला कोंबडीसारखं दुसरं काही नाही.

आम्ही दूर गाडीत दिवे बंद करून बसलो. ती आली, पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली, पुढचे दोन पाय आत टाकले, मान लांब करून कोंबडी मिळते का बघितली. नाही मिळाली. बाहेर आली. मॅनेजर बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या, त्यांचं फोडणं थांबलं नाही. बऱ्याच वेळाने ती पूर्ण आत गेली, पाय मातीखालच्या पत्र्यावर पडला आणि दार खाली आलं. मला ती आपटेल, ओरडेल असं वाटलं होतं. ती खाली बसली आणि कोंबडी खाऊ लागली. तिचं नाव अल्बा ठेवलं.

पकडला म्हणजे आपला झाला, असं कायद्यात नसतं. आधी चिप तपासायची. पंधरा आकड्यांचा नंबर, मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली. अल्बाच्या मानेवर नेमक्या त्याच जागी जुना, वाकडा व्रण होता आणि यंत्र काही वाजेना. चिप कापून काढलेली असणार हे व्रण बघून सगळ्यांना कळलं, पण व्रण म्हणजे पुरावा नव्हे. तक्रार नोंदवली, मालक पुढे येण्यासाठीची मुदत संपेपर्यंत थांबलो, मग नवी चिप बसली.

स्पेनने २०२३ मध्ये प्राणी कल्याणाचा मोठा कायदा केला. त्या सप्टेंबरअखेर तो लागूही झाला. शेल्टरमध्ये जागा नाही म्हणून कुत्रा मारायला त्यात बंदी आहे. पण शिकारीची कुत्री त्याच्या कक्षेतून वगळली गेली. मूळ मसुद्यात ती होती. शिकारी संघटनांनी आणि ग्रामीण भागातल्या राजकारणाने जोर लावला आणि ती बाहेर काढली गेली. शेल्टरमध्ये हा विषय निघाला की कॉफी गार झाली तरी कुणी बोलायचं थांबत नाही.

एका सकाळी एक शिकारी स्वतःच्या गाडीतून दोन गाल्गो घेऊन आला. साठीचा माणूस, बूट चिखलाने भरलेले. कुत्री अंगाने ठीक होती. त्याने चिपचे कागद दिले, मालकी सोडल्याच्या फॉर्मवर सही केली, एकाला डाव्या मांडीला दुखतं हेही सांगितलं. मॅनेजर बाईंनी त्याला कॉफी दिली. आमच्यातला एक तरुण स्वयंसेवक एवढा संतापला की कोठीत जाऊन बादल्या आपटत राहिला. मलाही आवडलं नव्हतं. पण बाईंचं म्हणणं मला आज पूर्ण पटतं: त्याला इथे शिव्या पडल्या तर पुढच्या वर्षी तो कुत्री इथे आणणार नाही, विहिरीपाशी नेईल. मला मामा आठवले. जतकडे कारवानी सशामागे सोडायचे ते दिवस मी ऐकूनच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात जमा झालं. पण जी कुत्री पळायला कामाची नव्हती ती कुठे गेली, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. मामा क्रूर नव्हते. तो कॉफी पिणारा माणूसही नसावा. कुत्रा म्हणजे अवजार, आणि नवं अवजार फुकटात पैदा होतं. तिथेच सगळं अडलंय. दरवर्षी पिल्लं होत राहतील तोवर आम्ही नळ चालू ठेवून फरशी पुसतोय.

अल्बाच्या रक्ताचा रिपोर्ट आला: लेशमानिया. वाळूमाशी चावून होणारा आजार. आपल्याकडे बिहारमध्ये ज्याला काळा आजार म्हणतात त्याच्या जंतूचा हा भाऊबंद. भूमध्य सागराच्या काठी तो कुत्र्यांमध्ये मुरलेला असतो. पूर्ण बरा होत नाही, पण आवरता येतो. उपचारांतली एक गोळी म्हणजे ॲलोप्युरिनॉल, जी बाबा युरिक ॲसिडसाठी घेतात तीच! मी बाबांना फोटो पाठवला, त्यांना फार मजा वाटली. या गोळीने कुत्र्याला मूतखडा होऊ शकतो म्हणून खाणं सांभाळावं लागतं. कलेजी बंद, गुर्दे बंद. गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांच्या आणि हृदयातल्या जंताच्याही तपासण्या होतात. हे सगळे रिपोर्ट घर शोधताना जाहिरातीतच लिहायचे, हा संस्थेचा नियम. आजार लपवून दिलेला कुत्रा चार महिन्यांत परत येतो.

मग प्रवासाचे कागद. रेबीजची लस दिल्यावर किमान २१ दिवस थांबायचं, युरोपियन पासपोर्ट करायचा, निघण्याआधी सरकारी पशुवैद्याकडून आरोग्याचा दाखला घ्यायचा. दत्तक द्यायला नेलेला कुत्रा हा सहलीला नेलेला कुत्रा नव्हे. त्याची नोंद युरोपियन युनियनच्या ‘ट्रेसेस’ या ऑनलाइन यंत्रणेत होते. जर्मनीत अशी कुत्री आणणाऱ्या संस्थेला प्राणी संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवाना लागतो. व्हॅनचा चालकही प्रशिक्षण घेतलेला हवा. ‘आपल्याच गाडीत घालून नेऊ की’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. कागद अडले तर माणसाला दंड होतो आणि कुत्रा परक्या देशात विलगीकरणात अडकतो.

दोन हजारांवर किलोमीटर कापून व्हॅन पहाटे एका पार्किंगमध्ये आली. कायमचं घर ठरेपर्यंत अल्बा माझ्याकडे राहणार होती. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. जिना तिने आयुष्यात पाहिलेला नव्हता. पहिल्या पायरीपाशी ती लाकूड झाली. काकूंनी पुढचा उजवा पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला, मी मागचा डावा. मग उलट. प्रत्येक पायरीला एक बिस्किटाचा तुकडा. वर पोचायला एवढा वेळ लागला की मधे शेजारी दोनदा ये-जा करून गेले. घरात काचेच्या दाराला धडकू नये म्हणून मी नाकाच्या उंचीवर रंगीत चिकटपट्टी लावली. कुकरची शिट्टी झाली की ती न्हाणीघरात जाऊन उभी राहायची. मी काही आठवडे वरणभात उघड्या पातेल्यातच शिजवला.

खरी चाळणी लागते ती माणसांना. अर्ज, फोन, मग घरी जाऊन पाहणी. बागेचं कुंपण किती उंच? घरात मांजर आहे का? कुत्रा एकटा किती तास राहणार? घरमालकाची लेखी परवानगी कुठे आहे? नगरपालिकेचा कुत्र्याचा कर माहीत आहे का? पसंती झाली तरी करार होतो, साधारण चारशे युरो भरावे लागतात, आणि जमलं नाही तर कुत्रा संस्थेलाच परत द्यायचा, परस्पर कुणाला नाही, असं त्यात असतं. मला सुरुवातीला हा जाच वाटला. घर द्यायला आलेल्या माणसाची एवढी उलटतपासणी? अल्बासाठी आलेलं पहिलं जोडपं अतिशय प्रेमळ होतं, पण त्यांना रोज सायकलबरोबर मोकळं पळणारं कुत्रं हवं होतं. नाही सांगितलं, ते मीच. दुसरे होते एक निवृत्त शिक्षक, सोबत त्यांचा म्हातारा गाल्गो. त्यांनी पहिला प्रश्न गोळीच्या वेळांबद्दल विचारला. अल्बा आता त्यांच्याकडे आहे. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉइड कमी आहे म्हणून नवं औषध लिहून दिलं होतं, तेव्हा त्यांनी आधी काकूंना फोन केला. असल्या पळणाऱ्या जातींमध्ये थायरॉइडचा आकडा मुळातच कमी असतो. फेरतपासणीत औषधाची गरज नव्हती.

घर तपासायचं काम आता माझ्याकडेही येतं. या शनिवारी मानहाइमला जायचंय. चौथा मजला, लिफ्ट आहे, बाल्कनीला जाळी नाही, आणि त्यांना हवाय पोदेंको. कड्या उघडणारा तोच. जाळी लागेपर्यंत मी फॉर्मवर सही करणार नाही हे त्यांना फोनवरच सांगून ठेवलंय.