दिल्लीची डिझेल गाडी सांगलीच्या नंबरवर आणताना

दिल्लीच्या नंबरची डिझेल गाडी ज्यांना महाराष्ट्रात न्यायची आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. मी २०२४ मध्ये यातून गेले. त्या वेळी एका जागी नीट सांगणारं कुणी भेटलं नाही.

गाडी माझ्याच नावावर, २०१४ मध्ये दिल्लीत घेतलेली, बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुराचं सरकारी मानक; आकडा जितका मोठा तितकी मर्यादा कडक). सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, इंजिनाला कधी हात लावायची वेळ आली नाही. आरसीवर वैधता पंधरा वर्षांची, म्हणजे २०२९ पर्यंत छापलेली. पण राष्ट्रीय हरित लवादाने ७ एप्रिल २०१५ रोजी आदेश दिला की दहा वर्षांवरची डिझेल गाडी दिल्ली एनसीआरच्या रस्त्यावर चालणार नाही, आणि २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पेट्रोलला हीच मर्यादा पंधरा वर्षांची होती. त्यामुळे आरसीवर काहीही छापलेलं असो, माझ्या गाडीची दिल्लीतली मुदत २०२४ मध्येच संपणार होती.

खरं तर ती त्याआधीच अर्धी संपली होती. हवा फार बिघडली की दिल्लीत ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे निर्बंध वाढवणाऱ्या योजनेचे, टप्पे लागू होतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी बंद. बाहेर काढली तर २०,००० रुपयांचं चलान. २०२३ च्या नोव्हेंबरात टप्पा लागल्यावर आमची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती आणि मी मेट्रोने ऑफिसला जात होते. याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच दिवसांत माझ्या मुलाला रात्री नेब्युलायझर लावावा लागायचा. ज्याने तो आवाज ऐकलाय, तो या नियमांच्या हेतूवर शंका घेणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे: दहा वर्षांचा तेव्हाचा नियम गाडीच्या नळकांड्यातून काय बाहेर पडतं ते बघत नव्हता, गाडीची जन्मतारीख बघत होता.

गाडी दिल्लीतच ठेवता येईल का, हे मी आधी तपासलं. पर्यायी इंधनाबद्दल लोक फार सहज बोलतात, म्हणून या भागात जरा रेंगाळते.

पहिला विचार सीएनजीचा. पेट्रोल गाडीला किट बसवणं सोपं असतं, कारण तिथे स्पार्क प्लग आधीच असतो. डिझेल इंजिनात तो नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की त्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सीएनजी त्या तापमानाला आपोआप पेटत नाही. म्हणजे प्लगची व्यवस्था करा, कॉम्प्रेशन उतरवा, पिस्टन किंवा हेड बदला. थोडक्यात इंजिनच दुसरं बसवा. आमच्या मेकॅनिकने, वर्मा भैया म्हणतो आम्ही त्यांना, दोन मिनिटांत हा विषय मिटवला: "मॅडम, इतने में दूसरी गाड़ी आ जाएगी."

दुसरा पर्याय इलेक्ट्रिक किटचा. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये जुन्या डिझेल गाड्यांना मान्यताप्राप्त किट बसवून त्या चालू ठेवायला परवानगी दिली होती. कागदावर मला हा मार्ग सगळ्यात आवडला होता. पण किटला मान्यता सरसकट मिळत नाही. ते कोणत्या गाडीवर बसतं ते तपासून मिळते. ब्रेक, वजन, वायरिंग, बॅटरीची जागा हे सगळं बघितलं जातं, आणि ते बघायलाच हवं. माझ्या मॉडेलसाठी मंजूर किट मिळालं नाही. जवळपासच्या मॉडेलसाठी जो भाव सांगितला, तो माझ्या गाडीच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होता.

तिसरं बायोडिझेल. वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेलं बायोडिझेल चांगलं इंधन आहे, धूर कमी करतं आणि एरवी गटारात जाणाऱ्या तेलाचा उपयोग होतो. साध्या डिझेलमध्ये त्याचं थोडं मिश्रण कुठल्याही गाडीला चालतं. प्रमाण वाढवलं की मात्र ते टाकीत वर्षानुवर्षं साचलेला मळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाइपही फुगतात. तरीही मी काळजी घेऊन वापरलं असतं. पण त्याने उपयोग काय? टाकीत काय भरलंय हे दहा वर्षांचा नियम विचारतच नव्हता. आरसीवरचं इंधन आणि नोंदणीची तारीख एवढंच तो वाचायचा. स्वच्छ इंधन वापरणाऱ्याला एक दिवसही वाढवून मिळत नव्हता. मग लोकांनी ते का वापरावं?

राहिलं भंगार. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडली की प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण मला नवी गाडी घ्यायचीच नव्हती, आणि ठणठणीत गाडी मोडायला मन घेईना.

सांगली जिल्ह्यात विट्याला धाकटा भाऊ असतो. फोनवर म्हणाला, "ताई, इकडं कोण विचारतंय दहा वर्षं? दे पाठवून. आईला दवाखान्यात न्यायला बरी पडंल." तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

मार्ग असा: दिल्लीतून एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, घ्यायची; त्यासाठी फॉर्म २८. मग सांगलीत फॉर्म २७ भरून नवा नंबर घ्यायचा आणि सोबत २९ व ३० भरून मालकी भावाच्या नावावर करायची. एनओसीवर ज्या परिवहन कार्यालयाचं नाव पडतं तिथेच गाडी नोंदवावी लागते, म्हणून जिल्हा आधी पक्का ठरवा. आणि तेव्हा दहा वर्षं पूर्ण व्हायच्या बरंच आधी अर्ज करणं भाग होतं. मुदत उलटली की गाडी रस्त्यावर काढणंच अडचणीचं व्हायचं. ती उचलून नेली तर कागद धावून येत नाहीत.

दिल्लीचं काम ऑनलाइन झालं, आधारच्या ओटीपीवर. त्यासाठी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. विमा आणि पीयूसी चालू हवी. गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) दाखला ऑनलाइन निघतो. आरसीवरचा बँकेचा बोजा मी कर्ज फिटल्यावर लगेच उतरवून घेतला होता, म्हणून ते काम वाचलं. ज्यांचा राहिलाय त्यांनी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन तिथून सुरुवात करावी.

अडकलं ते चलानपाशी. माझ्या नंबरवर शेजारच्या राज्यातलं एक चलान दिसत होतं, गुन्हा विना हेल्मेट. मोटारीला! फोटो मोठा करून पाहिला तर स्कूटर होती आणि तिच्या पाटीवर चिखल उडालेला. कॅमेऱ्याने ६ चा ८ वाचला होता. एक चलान बाकी असलं तरी एनओसीचा अर्ज पुढे सरकत नाही. तक्रारीचा मेल केला, उत्तर नाही. पुन्हा केला, सोबत आरसी, गाडीचा फोटो आणि चलानचा फोटो शेजारी शेजारी लावून. दंड भरून मोकळं व्हावं असं घरात सगळे म्हणत होते, आणि रक्कमही फार नव्हती. पण न केलेला गुन्हा कबूल करायला मी तयार नव्हते. काही आठवड्यांनी ते रद्द झालं. म्हणून सांगते, ही प्रक्रिया चलान तपासण्यापासून सुरू करा. बाकीचे कागद आपल्या हातात असतात, हा नसतो.

पीयूसी नव्याने काढली, ती मुद्दाम नीट उभं राहून पाहिली. पंपावरच्या मुलाने इंजिन गरम होऊ दिलं, नळी सायलेन्सरमध्ये खोचली आणि मला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडायला लावला. पुन्हा, आणि पुन्हा. यंत्र धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतं. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. माझा आकडा एकच्या खाली आला. मला आनंद झाला, पण या आकड्याला किती किंमत द्यायची हेही समजून घेतलं पाहिजे. डिझेलचा मोठा दोष असलेले नायट्रोजनचे ऑक्साइड हे यंत्र मोजतच नाही, आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण त्याला नीट सापडत नाहीत. बीएस-४ डिझेल मोटारीला कणांची मर्यादा किलोमीटरला ०.०२५ ग्रॅम होती, बीएस-६ ला ०.००४५. नायट्रोजन ऑक्साइडची ०.२५ वरून ०.०८ वर आली. म्हणजे माझी गाडी कितीही नीट ठेवलेली असली तरी नव्या गाडीइतकी स्वच्छ नाही. ती दिल्लीत नको, हे मी मान्य करते. पण मग विट्यात का चालते? लवादाने २०१६ मध्ये सांगितलं होतं की जिथे वाहनांची गर्दी कमी आणि हवा खेळती आहे अशाच भागांसाठी एनओसी द्यावी. त्यात तथ्य आहे. तरीही खेड्यातल्या माणसाची फुप्फुसं वेगळी नसतात, हा विचार मला सबंध प्रवासात सोडत नव्हता. म्हणून निघण्याआधी इंजेक्टर तपासून घेतले, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घेतला, एअर फिल्टर बदलला. भावाकडूनही कबूल करून घेतलं की धूर दिसला तर आधी गॅरेज, मग पुढचं काम.

गाडी आम्ही चालवतच नेली: जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, मग खाली पुणे, सातारा, कराड. वाटेत कुणी हटकलं नाही. एनओसीची छापील प्रत मात्र डॅशबोर्डमध्येच ठेवली होती.

महाराष्ट्रात पैसे लागतात ते करासाठी. इथे डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त कर आहे. तेव्हा १० लाखांच्या आतल्या नव्या डिझेल मोटारीला १३ टक्के, पेट्रोलला ११, सीएनजीला ७ असा दर होता. परराज्यातून आलेल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होत जातो, पण हिशेब मूळ किमतीवर होतो. म्हणून शोरूमचं पहिलं बिल जपून ठेवा. माझं फाइलमध्ये होतं, त्यामुळे किमतीवरून वाद झाला नाही.

निरीक्षकांनी गाडी बघितली तो भाग मला आवडला. बॉनेट उघडून इंजिन नंबर जुळवला. चेसिस नंबरवर दहा वर्षांचं तेल आणि माती बसली होती. भावाने फडक्याला डिझेल लावून तो पुसला, मग त्यावर पातळ कागद दाबून पेन्सिल घासली. एक एक अक्षर वर येऊ लागलं, शेवटचे दोन अंक गंजाने पुसट. निरीक्षक म्हणाले, "गडबड करू नका, परत घ्या." दुसरा ठसा स्वच्छ आला. तो फॉर्मवर चिकटवला, सही झाली. नंतर एमएच-१० चा नंबर मिळाला, उच्च सुरक्षा पाट्या बसल्या, आरसी टपालाने भावाच्या घरी आली.

त्या गाडीची पुढची मोठी तारीख २०२९. तेव्हा फॉर्म २५ भरून नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. भावाने ती घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलीय. मध्यंतरी त्याने विचारलं, "आपल्याकडं एवढं इथेनॉल होतंय, ते हिच्यात चालंल का?" नाही चालत. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही आणि दाबाने पेटण्याचा डिझेलचा गुणही कमी करतं. ऊस पट्ट्यातल्या डिझेलवाल्यांना हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण पेट्रोलचं ऐकून कुणी टाकीत ओतायचा.

इकडे दिल्लीत नियम हलत राहिले. १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि थोड्याच दिवसांत ते पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं. डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. वयाऐवजी मानक बघायचं, हे मला पटलं. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची २०१५ ची बीएस-४ डिझेल त्यामुळे वाचली. त्यांनी एनओसीचा बेत सोडलाय. मी त्यांना एवढंच म्हटलं की चलान आणि बँकेचा बोजा आत्ताच साफ करून ठेवा, आणि ग्रॅपचा तिसरा टप्पा लागला की तुमची गाडी वय काहीही असलं तरी बंदच राहणार आहे, तेव्हा मेट्रोचं कार्ड भरलेलं असू द्या.