भंगारातली बॅटरी गाडी द्राक्षबागेत: सात महिन्यांच्या कामाची नोंद

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने जुने सामान विक्रीला काढले, आणि त्यातली बॅटरीवर चालणारी मालवाहू गाडी मी जूनमध्ये भंगारवाल्याच्या यार्डातून १८ हजार रुपयांना उचलली. चॅनेलची जाडजूड चौकट, मागे चेकर्ड प्लेटचा उघडा प्लॅटफॉर्म, एक टन वजनाची क्षमता सांगणारी झिजलेली पाटी आणि मागच्या डिफरन्शियलला थेट जोडलेली ४८ व्होल्टची सीरीज मोटर (जिच्या फिरत्या आणि स्थिर भागांच्या गुंडाळ्या एकामागे एक जोडलेल्या असतात), एवढा ऐवज पदरात पडला. बॅटऱ्या अर्थातच नव्हत्या, कारण शिशाला भाव असतो आणि भंगारवाला त्या सर्वांत आधी काढून विकतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या द्राक्षबागेत ओळींमधले अंतर ९ फूट आहे आणि ही गाडी जेमतेम ४ फूट रुंद आहे. ओळीतून शेडपर्यंत पंधरा-वीस क्रेट नेण्यासाठी दर वेळी ट्रॅक्टर सुरू करणे डिझेलच्या हिशेबाने मला नेहमीच खटकत आले होते. टेंपोचे भाडे धरून सगळा खर्च एक लाखाच्या आत बसवायचा आणि बॅटऱ्या अगदी शेवटी घ्यायच्या, एवढे दोन नियम मी आरंभीच ठरवले.

बॅटऱ्या शेवटी घेण्याला कारण आहे. शिशाची बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत राहते, आणि तशीच पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून घट्ट होते. जुन्या बॅटरी गाड्या दुरुस्त करण्याच्या या छंदात अनेकांनी उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात नव्या बॅटऱ्या आणल्या आणि गाडी वर्षभर चालेना, तोवर त्या बॅटऱ्या अर्ध्या मेल्या, असे मी पाहिले आहे. म्हणून तपासणीपुरत्या मी घरच्या आणि भाऊबंदांच्या ट्रॅक्टरांच्या चार बॅटऱ्या उसन्या आणल्या. प्रत्येकी १२.६ व्होल्ट, चौघी ओळीने जोडून ५०.४ व्होल्ट. त्या स्टार्टरसाठी बनवलेल्या असतात, त्यांच्यावर दिवसभर गाडी चालवता येत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांच्या चाचणीला त्या पुरेशा होत्या. मार्गात १०० अँपिअरचा फ्यूज घालण्याआधी मी एकही वायर जोडली नाही. चार बॅटऱ्यांच्या टोकांत पाना आडवा पडला, तर तो पाना जागच्या जागी वितळू शकतो.

पहिल्या चाचणीत गाडी हलली, पण पेडल एक तृतीयांश दाबले की धक्का देऊन जागीच थांबायची आणि पाय काढून पुन्हा दाबल्यावर पुन्हा तेच करायची. पाहणाऱ्या प्रत्येकाचे मत एकच पडले की मोटरला जाणारी वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर गेला. दुरुस्त केलेल्या जुन्या कंट्रोलरचे मला १४ हजार सांगण्यात आले, आणि एका संध्याकाळी मी ते देण्याच्या बेतातही होतो. सुदैवाने त्या आधी मल्टिमीटर हातात घेतला. या जातीच्या कंट्रोलरला वेगाची सूचना पेडलखालच्या दोन वायरींतून शून्य ते पाच हजार ओहम अशा बदलत्या रोधाच्या रूपाने मिळते. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींवर मीटर लावला आणि पेडल सावकाश दाबले, तेव्हा आकडा पंधराशेच्या आसपास चढला, मग एकदम अनंत झाला आणि पुढे पुन्हा दिसू लागला. पेडलखालच्या पोटेंशिओमीटरचा, म्हणजे बदलत्या रोधकाचा, पट्टा वर्षानुवर्षे ज्या ठिकाणी सर्वांत जास्त वापरला गेला, नेमका तिथेच तो झिजून तुटला होता. वायर तुटली असे समजून कंट्रोलर सुरक्षेसाठी स्वतःला बंद करून घेत होता, म्हणजे तो बिचारा आपले काम चोख करत होता. मुंबईला दुसऱ्या कामासाठी जाणे झाले तेव्हा लॅमिंग्टन रोडवरून १८० रुपयांना पाच किलोओहमचा वायरवाउंड पोटेंशिओमीटर आणला. तो बसवताना एक गोष्ट मात्र जपावी लागली. पेडल सुटे असताना रोध शून्याच्या अगदी जवळ नसेल, तर किल्ली फिरवल्यावर पेडल आधीच दाबलेले आहे असे समजून कंट्रोलर गाडी सुरूच होऊ देत नाही. दांडीचा कोन तीनदा बदलल्यावर तो मेळ बसला.

मोटरवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. सगळ्या वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) पाहिले, तेव्हा वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध जेमतेम ०.६ मेगओहम भरला. एक मेगओहमच्या खाली असलेली मोटर मी चालवत नाही. उघडल्यावर आत काजळ धरल्यासारखी कार्बनची पूड सगळीकडे बसलेली दिसली. तीच वीज बॉडीकडे झिरपवत होती. फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे ब्रश निम्म्याहून अधिक झिजले होते आणि एकाची स्प्रिंग उष्णतेने नरम पडली होती. ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात, त्या कम्युटेटरवर खोबणी पडली होती. मोटरचा फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, पाहून आमच्या ओळखीचे वाइंडिंगवाले काका पहिल्याच दिवशी म्हणाले, “आर्मेचर चांगलं आहे, पुन्हा गुंडाळायला सांगणाऱ्याचं ऐकू नका.” त्यांनी लेथवर कम्युटेटरवरून अगदी बारीक काप घेतला, आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक घासलेल्या हॅक्सॉ ब्लेडने मी स्वतः खोल केला. या कामाला पूर्ण एक दिवस लागतो आणि तो देण्याचा कंटाळा करणाऱ्यांचे नवे ब्रश काही महिन्यांत झिजून जातात, कारण अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजतो आणि वर आलेल्या कडांवर ब्रश उड्या मारू लागतो. पूड हवेने झटकून आणि मोटर दोन दिवस उन्हात सुकवून पुन्हा मोजले, तर आकडा ८ मेगओहमवर गेला. ब्रश, बेअरिंगे आणि लेथचे काम मिळून २४०० रुपये झाले.

जोडणी झाल्यावर मोटर मी फक्त १२ व्होल्टवर फिरवून पाहिली. सीरीज मोटरला भार नसताना पूर्ण व्होल्टेज दिले, तर तिचा वेग वाढतच जातो आणि आर्मेचर फुटेपर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून चाके जॅकवर उचललेली असताना ४८ व्होल्ट देण्याचा मोह कोणी धरू नये. एवढी काळजी घेऊनही माझी एक चूक झालीच. गाडी जमिनीवर उतरवून पुढे जाण्याचा स्विच दाबला आणि ती थेट मागे, शेडच्या खांबाकडे निघाली. फील्डच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर गुंडाळीच्या, दोन्ही वायरी मी उलट लावल्या होत्या. बॅटरीची टोके उलटली तर या मोटरची दिशा बदलत नाही, उलट कंट्रोलर मात्र जळतो. दिशा बदलते ती फील्ड किंवा आर्मेचर यांपैकी एकाचेच टोक उलटल्याने. मोटरवरच्या फक्त दोन वायरींची अदलाबदल केली आणि काम झाले. खांबाला लागलेला पोचा अजून तसाच आहे.

त्यानंतर जड करंटचा मार्ग तपासला. भारासह चालताना कॉन्टॅक्टरच्या (मुख्य वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) दोन टोकांत १०० अँपिअरला ०.४ व्होल्ट पडत होते, म्हणजे तिथेच ४० वॉट उष्णता होऊन वाया जात होती. उघडून पाहिले तर त्याचे पॉइंट खड्डे पडून काळे झाले होते. कानशीने घासून ते चकचकीत करणे हा उपाय मला मान्य नाही, कारण त्यांच्यावरचा चांदीच्या मिश्रधातूचा थर एकदा गेला की पुढचे वितळणे अधिक लवकर होते. नवा कॉन्टॅक्टर २६०० रुपयांना आला; पण जुना का जळला हे शोधल्याशिवाय नवा लावण्यात अर्थ नव्हता. कारण सापडले ते त्याच्या दोन टोकांना समांतर असलेल्या छोट्या रोधकात, जो मधूनच तुटला होता. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना कॉन्टॅक्टर जोडला गेला, तर ते एका झटक्यात भरतात आणि दर वेळी मोठी ठिणगी पडते. हा रोधक ते आधीच हळूहळू भरून ठेवतो. २५० ओहम, ५ वॉटचा नवा रोधक काही रुपयांत मिळाला, आणि आता किल्ली फिरवल्यावर ठिणगीचा आवाज येत नाही. कपॅसिटर मात्र बॅटरी सोडवल्यावरही भरलेले राहतात, त्यामुळे हात घालण्याआधी ते जुन्या बल्बवर उतरवून घ्यावेत. केबली सगळ्या बदलून ३५ चौरस मिलिमीटरच्या वेल्डिंग केबलच्या केल्या आणि त्यांच्या टोकांचे लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतले. सगळे मिळून ५६०० रुपये झाले, आणि हा खर्च मला सर्वांत कमी खुपला.

बॅटरीचा ट्रे जुन्या अ‍ॅसिडने जागोजागी खाल्ला होता. उसन्या बॅटऱ्या त्यात ठेवून धन टोक आणि चौकट यांच्यामध्ये मोजले, तर २२ व्होल्ट दिसले. वास्तविक या गाडीत बॅटरीचा चौकटीशी कसलाही संबंध असता कामा नये. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून फेस यायचा थांबेपर्यंत ट्रे धुतला, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइडचे दोन हात दिले आणि तळाला रबराची चटई घातली. तो आकडा आता जवळपास शून्य आहे.

ब्रेक आणि टायर यांवर सांगण्यासारखे फार नाही. ब्रेक शूंना नवे लायनर बसवून घेतले, डिफरन्शियलमधले ९० नंबरचे तेल बदलले. टायरचे माप ४.००-८ निघाले, म्हणजे रिक्षाचेच, त्यामुळे चारही टायर-ट्यूब ६८०० रुपयांत गावातल्याच दुकानात मिळाल्या.

जानेवारीत, द्राक्षे उतरायला पंधरा दिवस उरले असताना, बॅटऱ्या घेतल्या. ई-रिक्षासाठीच्या १२ व्होल्ट, १३० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या ४५ हजार २०० रुपयांना पडल्या, म्हणजे एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा. लिथियमचा विचार केला होता, पण या बजेटमध्ये तो बसत नव्हता. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारे साधन) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना करतो. परदेशी गोल्फ कार्टच्या पुस्तिकांत पूर्ण चार्जची घनता १.२६५ ते १.२८० अशी दिलेली असते. आपल्याकडच्या काही ट्यूब्युलर बॅटऱ्यांच्या लेबलवर २७ अंशांना १.२४० असते. आकडा कमी दिसतो म्हणून वरून अ‍ॅसिड घालणे म्हणजे चांगल्या बॅटरीचे आयुष्य स्वतःच्या हाताने कापणे होय. चार्जरही ई-रिक्षाचाच, ७५०० रुपयांचा घेतला. चोवीस सेलना प्रत्येकी २.४ धरून ५७.६ व्होल्टवर तो करंट कमी करू लागतो की नाही, हे पहिल्या रात्री जागून तपासले. आमच्याकडे रात्री लाइनचे व्होल्टेज २५० च्या वर जाते, त्यामुळे कागदावरच्या आकड्यावर माझा विश्वास नव्हता. पण त्याने मर्यादा पाळली. चार्जिंग नेहमी सीट उचलून, उघड्या शेडमध्ये करतो, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन साचला तरी तो पेट घेऊ शकतो. डिस्टिल्ड वॉटर चार्ज पूर्ण झाल्यावर घालतो. आधी घातले तर ते फुगून बाहेर येते आणि ट्रेची पुन्हा तीच अवस्था होते.

डीसी क्लॅम्प मीटरवर बागेतल्या सपाट वाटेवर रिकामी गाडी २८ अँपिअर ओढते, वीस किलोचे २५ क्रेट लादल्यावर ४५, आणि शेडकडच्या चढावर ११० पर्यंत जाते. १३० हा आकडा वीस तासांत सावकाश काढलेल्या विजेचा आहे. एवढ्या वेगाने ओढल्यावर तितकी हाती लागत नाही, म्हणून निम्म्यावर आल्यावर थांबायचे असे ठरवले आहे. थांबत-थांबत काढणीच्या वेळी सकाळभराचे काम त्यात भागते, आणि दुपारी मजूर जेवायला बसले की धाकटा चुलतभाऊ आठवणीने चार्जर लावतो. खर्चाची वही आज ९९ हजार १८० वर उभी आहे.

पार्किंग ब्रेकची दांडी अजून चढावर सरकते, त्यामुळे तूर्त चाकाखाली दगड लावावा लागतो. पुढचे दिवेही बसवायचे आहेत. चारांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून ते लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला, पण तसे केले तर ती एकच बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जर चौघींना सारखाच करंट देतो आणि काही महिन्यांत तीच सगळ्यांना खाली ओढते. म्हणून ४८ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर मिळेपर्यंत अंधार पडायच्या आत गाडी शेडमध्ये लावतो. कोणाकडे दहा अँपिअरचा जुना, पण भारासह तपासलेला कन्व्हर्टर पडून असेल, तर मी त्याच्या शोधात आहे.