उसाच्या मातीतून ॲट्राझिन फोडणारे जिवाणू वेगळे करताना

ॲट्राझिन हे तणनाशक पाण्यात जेमतेम विरघळतं, लिटरला सुमारे ३३ मिलिग्रॅम. अडचणीची वाटणारी हीच गोष्ट पुढं कामाला येते. आगारात, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, लिटरला ५०० मिलिग्रॅम घातलं की प्लेट दुधाळ होते. जिवाणूंच्या ज्या वसाहतीभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटेल, तिनं तिथलं ॲट्राझिन फोडलं, ती आपली.

माती घेतली ती वर्षानुवर्षं हेच तणनाशक पडलेल्या उसाच्या रानातली. वापशावर, वरच्या १५ सेंमीतली, दहा ठिकाणची एकत्र करून २ मिमीच्या चाळणीतून. उन्हात वाळवायची नाही. १०० मिलि माध्यमात ५ ग्रॅम माती. माध्यमात फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, सूक्ष्म क्षार, लिटरला १ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि ३० मिलिग्रॅम ॲट्राझिन. दुसरं नत्र औषधालाही नाही. ॲट्राझिनच्या रेणूतल्या वलयाच्या कार्बनातून ऊर्जा जवळपास मिळत नाही, म्हणून पोटापुरतं सायट्रेट. नत्र हवं तर मात्र ॲट्राझिन फोडायलाच लागतं. ३० अंशांवर शेकरवर आठवडाभर, मग १ मिलि नव्या फ्लास्कमध्ये, असं पाच वेळा.

पहिल्या खेपेला दुकानातली ५० टक्के भुकटी वापरली आणि फसलो. तिच्यातला उरलेला अर्धा भाग चिकणमातीसारखा भराव. प्लेट त्यानंच गढूळ, मग कडं दिसणार कसं? नंतर शुद्ध ॲट्राझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून, ५५ अंशांपर्यंत निवलेल्या आगारात हलवत हलवत सोडलं. तरी बारीक वसाहती सगळीकडे येतातच, कारण आगारात स्वतःचं थोडं नत्र असतं. वाढ बघू नका, कडं बघा.

दुसरी चूक महागात पडली. मिळालेला जिवाणू साध्या पोषक आगारावर जपला. काही फेऱ्यांत कडं नाहीसं. १९९५ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ‘स्यूडोमोनास एडीपी’ या जिवाणूत ॲट्राझिन फोडणारी जनुकं प्लाझमिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर आहेत. गरज नसली की असं ओझं टाकून दिलं जातं. आता ॲट्राझिनच्याच प्लेटवर ठेवतो, आणि ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर.

कुंडीतली परीक्षा काकडीवर. हेक्टरी १ किलो म्हणजे १५ सेंमी थरात मातीच्या किलोला साधारण अर्धा मिलिग्रॅम, तेवढं मिसळलं. जिवाणू न घातलेल्या कुंडीत खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपट. दुसरीतली रोपं हिरवी राहिली. कुंडीत युरिया टाकू नये, आयतं नत्र मिळालं की एडीपीसारखे जिवाणू ॲट्राझिनकडे वळायला आळसतात.

असे जिवाणू असलेल्या जमिनीत तणनाशकाचा जोरही लवकर ओसरतो, त्यामुळं ‘औषध बोगस होतं’ ही तक्रार दर वेळी दुकानदाराच्या माथी मारता येत नाही.